बारदान वजा जाता : मोठ्या मालवाहू हेलिकॉप्टरांच्या हिशेबाची प्रस्तावना

लातूरच्या मोंढ्यात माझ्या वडिलांची आडत होती, आणि शाळेला सुटी असली म्हणजे त्यांच्या गादीच्या कडेला बसून मापाड्याची हाळी ऐकत राहण्याखेरीज मला दुसरा उद्योग नसे. तुरीचे पोते काट्यावर चढले की मापाडी वजन पुकारी, दिवाणजी ते वहीत मांडी, आणि त्या क्षणी शेतकऱ्याची नजर काट्यावरून निघून दिवाणजीच्या टाकाकडे वळे. कारण पुकारलेले वजन पोत्यासकट असते, त्यातून बारदान वजा होते, त्या काळी वर कडताही कापला जाई, आणि एवढे सगळे होऊन पट्टीत जो आकडा उतरे त्याचेच पैसे हाती पडत, ही गोष्ट त्याला कोणी पाटीवर गिरवून शिकविलेली नसे. पुढे उद्योगाच्या निमित्ताने निरनिराळ्या देशांच्या हेलिकॉप्टर-कारखान्यांची माहितीपत्रके माझ्या टेबलावर येऊ लागली तेव्हा मला त्या शेतकऱ्याची फार आठवण झाली. कारण त्या गुळगुळीत कागदांवर 'भारक्षमता' म्हणून जो आकडा ठळक अक्षरांत छापलेला असे तो मापाड्याच्या हाळीसारखा होता, आणि पट्टी मात्र कोठेच जोडलेली नसे.

ती पट्टी तयार करण्याचा प्रयत्न म्हणजे प्रस्तुत पुस्तक. यात विचार केला आहे तो मुख्यत्वे तीन यंत्रांचा : रशियाचे एमआय-२६, अमेरिकेचे चिनूक, आणि सिकोर्स्की कंपनीच्या सीएच-५३ या कुळातील जुनी-नवी भावंडे. ही किती ओझे उचलतात, ते किती दूर नेतात, आणि दुर्दैवाने कोसळलीच तर आतल्या माणसाच्या जगण्याची तजवीज त्यांत कितपत केलेली असते, हे तीन प्रश्न सामान्यतः तीन वेगवेगळ्या प्रकरणांत, किंबहुना तीन वेगवेगळ्या जातींच्या पुस्तकांत विचारले जातात. पहिला कारखानदार विचारतो, दुसरा सेनापती, आणि तिसरा, बहुधा फार उशिरा, चौकशी-समिती. माझे म्हणणे असे की हे तीनही खर्च एकाच थैलीतून होतात, आणि त्या थैलीचे नाव वजन. इंधन वाढविले की माल घटतो, माल वाढविला की पल्ला घटतो, आणि दोन्ही वाढविण्याचा मोह झाला की ज्या खात्यावर पहिली कात्री चालते ते खाते सुरक्षिततेचे असते, कारण त्या खात्याचा धनी, म्हणजे आत बसणारा शिपाई किंवा मजूर, खरेदीच्या बैठकीला हजर नसतो.

शब्दाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. आपण 'हेलि' आणि 'कॉप्टर' असा जो पदच्छेद करतो तो चुकीचा आहे. १८६१ च्या सुमारास पोंतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने हा शब्द घडविला तो मळसूत्र आणि पंख या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून, आणि त्याचा खरा विग्रह 'हेलिको' आणि 'प्टेर' असा आहे. मळसूत्र हवेत फिरवून वर चढणे ही कल्पना सोपी. पण हवा लाकडासारखी घट्ट नसून पकडीतून निसटणारी आहे, उन्हाने आणि उंचीने ती अधिकच विरळ होते, आणि या विषयातली निम्मी भांडणे तेथून सुरू होतात.

प्रथम एमआय-२६ चा हिशेब मांडू. १४ डिसेंबर १९७७ रोजी प्रथम उडालेले हे यंत्र नियमित उत्पादनात आलेल्या हेलिकॉप्टरांपैकी सर्वांत मोठे. त्याच्या आठ पात्यांच्या चक्राचा व्यास ३२ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दीडपटीहून अधिक, आणि त्याची दोन एंजिने प्रत्येकी सुमारे ११,४०० अश्वशक्तीची. उड्डाणसमयीचे महत्तम वजन ५६,००० किलो. रिकाम्या यंत्राचे वजन २८,२०० किलो. अर्धे अधिक बारदानच झाले, असे मोंढ्यातला माणूस म्हणेल, आणि ते खरे आहे. उरले २७,८०० किलो. आता पत्रकात भारक्षमता २०,००० किलो, म्हणजे क्विंटलभराची दोनशे पोती, अशी दिलेली असते, आणि टाक्यांत सुमारे १२,००० लिटर इंधन मावते असेही त्याच पानावर, थोड्या लहान टायपात, म्हटलेले असते. बारा हजार लिटर इंधनाचे वजन सुमारे साडेनऊ हजार किलो. पाच जणांचा चालकवर्ग व त्यांचे सामान अर्धा टन धरू. बेरीज करून पाहावी : वीस टन माल आणि भरलेल्या टाक्या एकत्र घेतल्यास यंत्र आपल्या कमाल वजनाच्या दोन टनांहून अधिक वर जाते. म्हणजे हे दोन आकडे खरे आहेत, परंतु एका वेळी खरे नाहीत. टाक्या भरल्या तर माल अठरा टनांच्या आत. माल वीस टन घेतला तर टाक्या अपुऱ्या. आठशे किलोमीटरांच्या आसपासचा जो पल्ला सांगितला जातो त्याचा अर्थ किलोमीटरमागे सुमारे पंधरा लिटर इंधन असा होतो, आणि हा दर ध्यानात ठेवला की दोन टन इंधन कमी घेण्याने नकाशावरचे वर्तुळ किती आक्रसते हे कोणालाही काढता येईल.

चिनूकच्या पट्टीत तर याहून मौज आहे. आजच्या सीएच-४७एफ या आवृत्तीचे महत्तम वजन २२,६८० किलो, रिकामे वजन सुमारे ११,१५० किलो, आणि पुष्कळ ठिकाणी छापलेली भारक्षमता सुमारे १०,९०० किलो. वजाबाकी केल्यावर हाती उरतात सहाशे-साडेसहाशे किलो. त्यातून तिघांच्या चालकवर्गाचे तीनशे वजा करा. इंधनासाठी जे राहते त्यावर एवढे अजस्र यंत्र धावपट्टीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओझे नेऊन ठेवील आणि फार तर थोडे पलीकडे पाहून येईल. त्याच्या टाक्या भरल्या, म्हणजे ३,९०० लिटरांच्या आसपास इंधन घेतले, तर मालासाठी आठ टनांच्या जवळपास उरते, आणि सपाट प्रदेशातील थंड सकाळी हा आकडा मी प्रामाणिक मानतो. चिनूकला कमी लेखावे असा माझा मुळीच हेतू नाही. २१ सप्टेंबर १९६१ रोजी पहिले उड्डाण केलेल्या या यंत्राच्या पोटाच्या दोन्ही टोकांवर एकेक चक्र असल्याने शेपटीच्या पंख्यावर शक्ती खर्च होत नाही, ओझे पुढेमागे सरकले तरी त्याचा तोल सहजी जात नाही, आणि मागचे दार उघडून डोंगराच्या सोंडेवर केवळ पार्श्वभाग टेकवीत माणसे उतरविण्याचे त्याचे कसब इतर दोघांना साधत नाही. तक्रार यंत्राविषयी नसून छापील आकड्याविषयी आहे.

या सगळ्यात एक आकडा मात्र मला पट्टीसकट छापलेला आढळला. सीएच-५३के हे जे नवे यंत्र २७ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रथम उडाले त्याची मागणी नोंदविताना अमेरिकी मरीन दलाने लिहिले ते असे : १२,२०० किलो माल, २०० किलोमीटर अंतरावर नेऊन ठेवावयाचा आणि परत यावयाचे, आणि तेही समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांवर, ३३ अंश तापमानात. याच यंत्राची बाहेरून लटकविलेल्या ओझ्याची कमाल मर्यादा १६,३०० किलो आहे, आणि जाहिरातीत साहजिकच ती आधी येते. पण खरेदीदाराने कलम घातले ते बारा टनांचे, अंतरासह, उंचीसह, उन्हासह. विदर्भात मे महिन्यात हेलिकॉप्टर उडविणाऱ्याला या कलमाचे मोल सांगावे लागणार नाही.

आमच्या देशात उन्हापेक्षाही उंचीचा जाच मोठा. साडेतीन हजार मीटरांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सात-दशांशच उरते, आणि चक्राला ओढायला जी वस्तू हवी तीच तीन-दशांश नाहीशी झालेली असते. शिवाय एंजिनालाही श्वास तितकाच उणा. २०१३ च्या महापुरानंतर केदारनाथच्या पुनर्बांधणीसाठी जड यंत्रे वर चढवावयाची ठरली तेव्हा भारतीय वायुसेनेच्या एमआय-२६ साठी तेथे मुद्दाम मोठे हेलिपॅड बांधावे लागले, आणि ती यंत्रे वर पोचली. परंतु 'वीस टन उचलणारे हेलिकॉप्टर केदारनाथला जाते' या वाक्यावरून 'ते केदारनाथला वीस टन नेते' असा निष्कर्ष जो काढील त्याने मोंढ्यात तूर विकू नये.

वर उल्लेखिलेल्या यंत्रांत एक विलक्षण नाते आहे. २००२ साली अफगाणिस्तानच्या डोंगरांत जायबंदी होऊन पडलेले अमेरिकेचे एक चिनूक, त्याची पाती वगैरे उतरवून, उचलून आणण्याचे काम भाड्याने घेतलेल्या एका एमआय-२६ ने केले. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केदारनाथला २०१८ पासून पडून राहिलेले एमआय-१७ या हेलिकॉप्टराचे अवशेष उचलून खाली आणले ते भारतीय वायुसेनेच्या चिनूकने. मात्स्यन्यायाचे हे आकाशातील उदाहरण पाहून हसू येते, पण हेही ध्यानात येते की उचलणाऱ्याच्या मर्यादेप्रमाणे उचलावयाच्या वस्तूला आधी सोलून हलके करावे लागते, आणि तो सोलण्याचा खर्च कोणत्याही पत्रकात नसतो. १९९९ मध्ये सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पातून हजारो वर्षांपूर्वीचा एक मॅमथ गोठलेल्या मातीच्या ठोकळ्यासकट खातांगा गावी नेला तोही एमआय-२६ ने. ठोकळा वीस टनांहून अधिक भरला, थंड हवेने साह्य केले, यंत्राने तो उचलला, आणि नंतर सांगाड्याला वा पात्यांना बाक आला की काय हे पाहण्यासाठी त्या यंत्राची रवानगी कारखान्यात झाली. ज्यांना मर्यादेबाहेरच्या पराक्रमाच्या कथा आवडतात त्यांनी कथेचा हा उत्तरार्धही सांगत जावा.

निव्वळ बळाचाच प्रश्न असता तर हे पुस्तक एका पानाचे झाले असते. सोव्हिएत संघाच्या व्ही-१२ ने ६ ऑगस्ट १९६९ रोजी ४४,२०५ किलो भार सव्वादोन हजार मीटरांच्या वर नेला, आणि तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाही. अशी यंत्रे दोनच बांधली गेली. ज्या अस्त्रांची वाहतूक करावयाची म्हणून ती योजिली होती ती गरजच उरली नाही, आणि त्यातील एक आज मॉस्कोजवळ मोनिनो येथील संग्रहालयात, दोन्ही बाजूंना चक्रे पसरून, मुलांना छायाचित्रासाठी उपयोगी पडते.

पल्ल्याविषयी फार लिहीत नाही, कारण भाराचा हिशेब नीट मांडला की पल्ला त्याच्या शेपटाला धरून येतो. एवढेच बजावतो की एकेरी पल्ला आणि जाऊन-येऊन कामाची त्रिज्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. एप्रिल २०२२ मध्ये भारतीय वायुसेनेच्या एका चिनूकने चंडीगढहून आसामातील जोरहाटपर्यंत १,९१० किलोमीटर अंतर साडेसात तासांत न थांबता कापले, ही चालकांच्या चिकाटीची अभिमानास्पद नोंद आहे. मात्र तीवरून तोफ किंवा बुलडोझर घेऊन ते किती दूर जाईल याचा बोध होत नाही. ओझे पोटात न मावता खाली दोराला लटकले असेल तर आणखी एक कर भरावा लागतो : लटकता माल वाऱ्याशी झोंबतो, झोके खातो, वैमानिकाला वेग आवरावा लागतो, आणि मंद वेगाने तेच अंतर कापताना इंधन जास्त जळते.

ते दोर अडकविण्याचे काम एकदा जवळून पाहावे. यंत्र डोक्यावर चार-पाच मीटरांवर तरंगत असते, त्याच्या वाऱ्याने खडे आणि वाळू पायांना टोचत असतात, कानांवर जाड गोळे, डोळ्यांवर चष्मा, बोलणे अशक्य म्हणून सगळा व्यवहार हाताच्या खुणांनी. मालावर दोघे उभे. फिरणाऱ्या पात्यांमुळे यंत्रावर स्थिर विद्युत् साठलेली असते, म्हणून पहिला मनुष्य हातातील रोधक दांड्याला बांधलेली, जमिनीत पुरलेल्या खुंटीशी जोडलेली तार आकड्याला टेकवून धरतो, आणि ती टेकलेली आहे अशी खात्री झाल्यावरच दुसरा हात वर करून दोराची कडी आकड्यात सरकवतो. तार सुटली तर असा झटका बसतो की माणूस मालावरून खाली फेकला जावा. दोर ताणला जाण्यापूर्वी दोघांनी उडी मारून एका ठरलेल्याच बाजूला पळायचे असते, कारण ओझे उचलता न आल्यास यंत्र दुसऱ्या बाजूला उतरणार असते. बारा टनांचे कोष्टक जेव्हा जेव्हा वाचाल तेव्हा त्याच्याखाली हे दोघे उभे आहेत असे समजावे.

आता ज्या तिसऱ्या प्रश्नासाठी ही लेखणी हाती घेतली त्याकडे वळतो. 'अपघातातील सुरक्षितता' या शब्दांत दोन निराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते : यंत्र पडू नये ही एक, आणि पडले तर माणूस मरू नये ही दुसरी. पहिलीविषयी चिनूकच्या दोन दुर्घटना फार शिकवून जातात. त्याची पुढची आणि मागची पाती एकमेकांच्या अवकाशात शिरून फिरतात. ती एकमेकांवर आदळत नाहीत याचे कारण एवढेच की एक लांब दंड दोन्ही चक्रांना एकाच तालात बांधून ठेवतो. ११ सप्टेंबर १९८२ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे विमानमेळ्यात छत्रीधारी उडीपटूंना घेऊन चढलेले अमेरिकी सैन्याचे चिनूक कोसळले आणि ४६ जण गेले. तपासाअंती आढळले ते असे की दंतचक्रांची पेटी स्वच्छ करण्यासाठी अक्रोडाच्या टरफलांचा जो भुगा वापरीत तो आत राहून गेला, त्याने वंगणाची बारीक छिद्रे बुजविली, एक धारवा तापून निकामी झाला, आणि ताल तुटला. चार वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९८६ रोजी, उत्तर समुद्रातील तेलविहिरींवरून परतणारे नागरी चिनूक स्कॉटलंडच्या सम्बरो विमानतळापासून काही मैलांवर पाण्यात पडले. ४७ पैकी ४५ मृत्यू पावले. तेथे पुढच्या पेटीतील एक दंतचक्र चिरले होते, आणि पुन्हा तोच ताल तुटला होता. या अपघातानंतर उत्तर समुद्रावरील प्रवासी वाहतुकीतून चिनूक गेले. शेपटीचा पंखा नसण्याचा जो लाभ मी मघाशी जमेस धरला त्याची खर्चाची बाजू ही.

चुकीची नोंद कोणाच्या नावे पडते याबद्दलही सावध असावे. २ जून १९९४ रोजी स्कॉटलंडमधील मल ऑफ किन्टायरच्या धुक्यात ब्रिटिश वायुसेनेचे चिनूक टेकडीवर आदळून २९ जण मृत्यू पावले, आणि पुढच्या वर्षी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. तो ठपका फेरचौकशीनंतर २०११ मध्ये रद्द झाला. सोळा वर्षे कारणाच्या रकान्यात जे लिहिले होते ते सरकारी शिक्क्याचे होते, तरी खरे ठरले नाही. म्हणून अपघातांच्या याद्यांवरून 'अमुक यंत्र तमुकापेक्षा घातक' असा निवाडा देण्याचे मी या पुस्तकात टाळले आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये इस्रायलची दोन सीएच-५३ हवेत एकमेकांवर आदळून ७३ सैनिक मेले, त्याचा दोष त्या यंत्राच्या आराखड्याच्या माथी मारता येणार नाही.

दुसरी गोष्ट, पडल्यावर वाचण्याची, ही शास्त्र म्हणून फार तरुण आहे. तिचा जनक ह्यू डिहेवन पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक असताना एका हवाई टकरीतून वाचला, मात्र स्वतःच्याच पट्ट्याच्या बकलाने त्याच्या पोटात गंभीर इजा झाली. तेव्हापासून, टकरीत माणसाला नेमके काय मारते, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याने उंचावरून रबराच्या गादीवर अंडी टाकून पाहिली, आणि १९४२ मध्ये ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या हकीकती शास्त्रशुद्ध तपासून प्रसिद्ध केल्या. त्याचे सार इतकेच की पडणे मारीत नाही, फार थोड्या अंतरात थांबणे मारते. १९७४ मध्ये अमेरिकी सैन्याने जे मानक मुक्रर केले त्यात उभ्या आघाताचा वेग सेकंदाला ४२ फूट, म्हणजे १२.८ मीटर, धरला आहे. आठ-साडेआठ मीटरांवरून सरळ पडल्यावर जो वेग येतो तो हा. माणसाचा कणा साधारण साडेचौदापट गुरुत्वापर्यंत तग धरतो असे मानून आसने योजिली जातात, आणि तेवढ्यात थांबायचे तर कागदावर सुमारे दोन फूट अंतर हवे. हे दोन फूट आणावयाचे कोठून? थोडे चाकांच्या पायांनी दबून द्यावे, थोडे पोटाखालच्या सांगाड्याने चुरगळून द्यावे, आणि उरलेले आसनाने ठराविक ओझ्याखाली खाली सरकून द्यावे, अशी वाटणी आहे. ब्लॅक हॉकसारखी मध्यम हेलिकॉप्टरे याच वाटणीवर जन्मली. चिनूकचे पहिले उड्डाणच या मानकाच्या तेरा वर्षे आधीचे. मोठ्या यंत्रांत बहुधा भिंतीला पाठ लावून बसावयाची कापडी आसने असतात, आणि डोक्यावर दंतचक्रांच्या कित्येक टन वजनाच्या पेट्या टांगलेल्या असतात.

सुधारणा करता येत नाही असे नाही. परंतु तिचे वजन कोणाच्या खाती टाकावयाचे ते सांगा. समजा, चिनूकमधील ३३ सैनिकांचे प्रत्येक आसन आघात शोषणारे केले आणि ते दहा किलोंनी जड झाले, तर एकूण ३३० किलो वाढले. वर ज्या हिशेबात शेवटी साडेसहाशे किलो हाती राहिले होते त्यातील निम्मे आसनांनीच खाल्ले. छापील भारक्षमता तशीच ठेवावयाची असेल तर इंधन जवळजवळ शून्यावर येते. यामुळे सुरक्षिततेची चर्चा खरेदीच्या बैठकीत निघताच सगळ्यांची नजर खिडकीबाहेर जाते. इंधनाच्या टाक्यांची गोष्टही अशीच आहे. चिनूकच्या टाक्या धडाच्या दोन्ही बगलांना, तर एमआय-२६ च्या मुख्य टाक्या मालाच्या फरशीखाली. यंत्र पोटावर आदळले तर यांतली कोणती रचना आतल्या माणसांना अधिक भोवेल हे सांगण्यास अभियंता लागत नाही. आदळताना नळी तुटली तरी दोन्ही तोंडे आपोआप मिटतील अशा जोडण्या आणि न फाटणाऱ्या टाक्या अमेरिकी सैन्याने १९७० नंतर आपल्या हेलिकॉप्टरांत बसविल्या, आणि हाडे मोडूनही वाचू शकले असते अशा जखमींचे आगीत जळून मरणे जवळपास थांबले. जडपणा आणि खर्च यांमुळे या उपायालाही आरंभी विरोध झालाच होता.

१९ ऑगस्ट २००२ रोजी चेचन्यातील खांकला येथील रशियन तळावर उतरू पाहणाऱ्या एमआय-२६ ला खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र लागले. वैमानिकाने यंत्र जमिनीवर आणले, पण ते तळाभोवती पेरलेल्या सुरुंगक्षेत्रात उतरले, इंधन पेटले, आणि १२७ माणसे मृत्युमुखी पडली. आत होते दीडशेच्या आसपास. ऐंशी-नव्वद सैनिकांसाठी योजिलेल्या पोटात इतकी माणसे मावली, कारण वजनाच्या दृष्टीने ती मावत होती : दीडशे माणसे म्हणजे सामानासकट पंधरा टन, वीस टनांच्या आत. एमआय-२६ मधून माणसांची ने-आण करू नये असा रशियाच्या संरक्षण खात्याचा हुकूम १९९७ पासून दफ्तरात होता. याउलट, डिसेंबर २०१० मध्ये जम्मूला भारतीय वायुसेनेचे याच जातीचे यंत्र उड्डाण करताच पन्नासएक फुटांवरून खाली आले, आणि आतील नऊजण जखमी होऊन वाचले. दोन्ही अपघातांचे कारण निराळे, म्हणून त्यांची तुलना शास्त्रीय नव्हे हे मान्य. तथापि एकाच यंत्राच्या पोटात नऊ माणसे असणे आणि दीडशे असणे यातील अंतर भारक्षमतेच्या आकड्याने कधीच दाखविले नसते, कारण त्या आकड्याला माणूस आणि तुरीचे पोते यांतला भेद कळत नाही. माझ्या मते या तीन यंत्रांच्या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय कारखान्यात होत नाही. तो चढणाऱ्यांची यादी ज्याच्या हाती असते त्या कारकुनाच्या टेबलावर होतो.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. जुहूच्या हेलिकॉप्टर-तळावरून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे रोज माणसे जातात-येतात, सैन्याच्या वैमानिकांची शाळा नाशिकला आहे, आणि २५ मार्च २०१९ रोजी चंडीगढला वायुसेनेत दाखल झालेल्या चिनूकांची चित्रे पाहून आपल्या वृत्तपत्रांनी जे मथळे दिले त्यांत भारक्षमतेचा आकडा होता, अंतर नव्हते, उंची नव्हती, आसनांविषयी तर अवाक्षर नव्हते.

पुस्तकाच्या अखेरीस जोडलेल्या कोष्टकांत प्रत्येक यंत्रापुढे सहा रकाने आहेत. पहिले पाच छापील आहेत : महत्तम वजन, बारदान, इंधन, चालकवर्ग आणि शिल्लक. सहावा मुद्दाम कोरा सोडला आहे. त्यात उंची, तापमान आणि आत बसणाऱ्या माणसांची संख्या वाचकाने स्वतः पेन्सिलीने भरावी, आणि पाचव्या रकान्यातील आकडा त्याप्रमाणे खोडून नव्याने लिहावा.